अवयवांचा बाजार आणि अवयवदान : कायदा, वास्तव आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांची भूमिका

मानवी अवयवाचे दान आणि मानवी अवयवाची विक्री या दोन घटना शस्त्रक्रियागृहात सारख्याच दिसतात. तेच भूलतज्ज्ञ, तीच उपकरणे, तोच कागदोपत्री तपशील. फरक असतो तो शस्त्रक्रियागृहाबाहेर घडलेल्या गोष्टींत : अवयव देणाऱ्याने तो कोणत्या कारणासाठी दिला, त्याला नकार देण्याची मुभा होती का, आणि मध्ये कोणाचा खिसा भरला. अवैध अवयव व्यापार रोखणे कठीण जाते ते याच साम्यामुळे. हा व्यापार रुग्णालयाचे दार फोडून आत शिरत नाही. तो नातेवाइकाच्या रूपाने, सही-शिक्क्यांसह, समोरच्या दाराने येतो.

परदेशस्थ मराठी व्यावसायिकांच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक पदर आहे. या बाजारातील खरेदीदार बहुधा सुस्थितीतील कुटुंबातला असतो. आपल्या माणसाचा जीव वाचवण्यासाठी कोणतीही किंमत मोजण्याची तयारी आणि तशी ऐपत या दोन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत, त्याच्यापर्यंत दलाल आधी पोहोचतो. म्हणून कायदा काय सांगतो, बाजार कसा चालतो आणि त्याला खरा पर्याय कोणता, हे वेळ येण्यापूर्वी माहीत असणे आवश्यक ठरते.

बाजार कसा चालतो

मूत्रपिंड हा या व्यापारातील प्रमुख अवयव. माणसाला दोन मूत्रपिंडे असतात आणि एकावर जगता येते, या वैद्यकीय सत्याचाच दलाल व्यापारासाठी वापर करतात. साखळी साधारण ठरलेली असते : कर्जबाजारी माणूस हेरणारा स्थानिक मध्यस्थ, त्याच्यावरचा दलाल, बनावट ओळखपत्रे तयार करणारा, रुग्णालयातील एखादा फितूर कर्मचारी आणि कधी कधी स्वतः शल्यविशारद.

जानेवारी २००८ मध्ये उघडकीस आलेले गुडगाव प्रकरण हे त्याचे कुप्रसिद्ध उदाहरण. त्यातील मुख्य आरोपी अमित कुमार याच्यावर मुंबईत नव्वदच्या दशकातच मूत्रपिंड विक्रीच्या संदर्भात कारवाई झाली होती. नाव आणि गाव बदलून त्याने धंदा सुरू ठेवला. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याला नेपाळमध्ये पकडण्यात आले आणि २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला सात वर्षांची शिक्षा सुनावली. मजुरीच्या आशेने आलेल्या माणसांची मूत्रपिंडे काढून ती देशी-परदेशी रुग्णांना बसवली जात होती, असे तपासात समोर आले.

त्यानंतरच्या प्रकरणांत पद्धत बदललेली दिसते. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील पवई भागातल्या एका नामांकित खासगी रुग्णालयात, रुग्णाची पत्नी म्हणून उभी केलेली महिला प्रत्यक्षात त्याची पत्नी नसल्याचे ऐनवेळी उघड झाले आणि शस्त्रक्रिया थांबली. २०२२ मध्ये पुण्यातही असाच प्रकार समोर आला. पोलिसांकडे गेलेल्या तक्रारीनुसार, एका गरजू महिलेला १५ लाख रुपयांचे आमिष दाखवून रुग्णाची पत्नी भासवण्यात आले होते. ठरलेली रक्कम न मिळाल्याने तिनेच या प्रकाराला वाचा फोडली. जुलै २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी उघडकीस आणलेल्या प्रकरणात दाते आणि रुग्ण हे दोघेही बांगलादेशातून आणले जात आणि त्यांच्यातील नाते बनावट कागदपत्रांनी सिद्ध केले जात असे.

या प्रकरणांतील समान धागा स्पष्ट आहे. अंधाऱ्या तळघरातील शस्त्रक्रिया हा आजच्या व्यापाराचा नेहमीचा चेहरा नव्हे. खोटा विवाह दाखला आणि पढवून ठेवलेली उत्तरे हीच त्याची मुख्य हत्यारे आहेत.

विकणाऱ्याच्या हाती काय उरते

अवयवविक्रीचे समर्थन करणारे एक युक्तिवाद नेहमी मांडतात : रुग्णाला जीवन मिळते, गरिबाला पैसा मिळतो, मग हानी कोणाची? या प्रश्नाचे सर्वांत सविस्तर उत्तर चेन्नईतून मिळाले. तेथे मूत्रपिंड विकलेल्या ३०५ व्यक्तींच्या पाहणीवर आधारित अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्रीनंतर सरासरी सहा वर्षांनी या व्यक्तींना प्रश्न विचारण्यात आले होते.

त्यांपैकी ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. तरीही सुमारे तीन चतुर्थांश लोक पाहणीच्या वेळी कर्जातच होते. कुटुंबाचे सरासरी उत्पन्न विक्रीनंतर एक तृतीयांशाने घटले होते. ८६ टक्के लोकांनी आपली प्रकृती खालावल्याचे सांगितले आणि ७९ टक्के लोकांनी इतरांना असे करण्याचा सल्ला आपण देणार नाही, असे नमूद केले. दलालांनी कबूल केलेल्या रकमेपेक्षा प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कमही सरासरीने कमी होती.

कारण समजण्यास अवघड नाही. अंगमेहनतीवर पोट असलेल्या माणसाला शस्त्रक्रियेनंतर पूर्वीसारखे ओझे उचलता आले नाही, तर त्याची मजुरी बुडते. सुस्थितीतील दात्याला मिळणारी नियमित तपासणी त्याच्या वाट्याला येत नाही. सावकाराचे देणे एकदा फिटले, तरी ज्या परिस्थितीने ते निर्माण केले ती कायम राहते. अवयव एकदाच विकता येतो. गरज मात्र पुन्हा पुन्हा उभी राहते.

खरेदी करणारा रुग्णही सुरक्षित नसतो. दात्याच्या आरोग्याची माहिती दडवली जाते, घाईने तपासण्या उरकल्या जातात आणि गुंतागुंत झाल्यास तक्रार करण्याची सोय उरत नाही. विकत घेतलेल्या मूत्रपिंडाबरोबर कावीळ, एचआयव्ही यांसारखे संसर्ग आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

भारतीय कायद्याची चौकट

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने १९९४ मध्ये संमत केला. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने काही राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवर हा कायदा आधारलेला होता. महाराष्ट्र आणि गोवा ही त्यांत आरंभीची राज्ये. हिमाचल प्रदेश हे तिसरे. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. या कायद्याने दोन मूलभूत गोष्टी केल्या : अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला आणि मेंदूमृत्यूला कायदेशीर मृत्यू म्हणून मान्यता दिली.

२०११ च्या दुरुस्तीने कायदा अधिक कडक झाला. ही दुरुस्ती २०१४ मध्ये अंमलात आली. त्यातील महत्त्वाच्या तरतुदी अशा :

• जवळचे नातेवाईक म्हणून पती-पत्नी, आई-वडील, मुले आणि भावंडे यांच्यासह आजी-आजोबा व नातवंडे यांचाही समावेश करण्यात आला.

• नातेवाईक नसलेला दाता केवळ स्नेह, जिव्हाळा किंवा विशेष कारणाने अवयव देऊ शकतो. त्यासाठी प्राधिकार समितीची पूर्वपरवानगी बंधनकारक आहे.

• कुटुंबातील दात्याचा रक्तगट जुळत नसल्यास दोन कुटुंबांत परस्पर अदलाबदल करण्याची कायदेशीर मुभा मिळाली.

• रुग्ण परदेशी नागरिक आणि दाता भारतीय असल्यास, ते जवळचे नातेवाईक असल्याखेरीज परवानगी मिळत नाही.

• अवयवांच्या व्यापारासाठी पाच ते दहा वर्षे कारावास आणि २० लाख ते एक कोटी रुपये दंड अशी शिक्षा ठरली. मूळ कायद्यात कारावास दोन ते सात वर्षांचा आणि दंड काही हजारांचा होता.

• दात्याचा शस्त्रक्रियेचा खर्च आणि त्या काळात बुडालेली कमाई भरून देणे हे मोबदल्यात मोडत नाही. त्यापलीकडे रोख वा वस्तुरूपाने काहीही देणे-घेणे गुन्हा आहे.

नियमांनुसार दाता आणि रुग्ण यांच्या आर्थिक स्थितीतील मोठी तफावत तपासणे, नात्याचे पुरावे पडताळणे आणि मुलाखतीचे चित्रीकरण करणे अपेक्षित आहे. दाता स्त्री असल्यास तिची संमती स्वतंत्रपणे, रुग्णाखेरीज अन्य व्यक्तीकडून पडताळण्याची तरतूद आहे. ही काळजी अनाठायी नाही. भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत, तर ते मिळणाऱ्यांत पुरुष. पैशाचा व्यवहार नसतानाही कुटुंबाच्या दबावाखाली दिलेला अवयव हे पूर्ण अर्थाने दान ठरत नाही.

कायद्याच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. या कायद्याखालील गुन्ह्याची दखल न्यायालय थेट पोलिसांच्या अहवालावर घेत नाही. तक्रार सक्षम प्राधिकाऱ्याने करावी लागते, किंवा त्याला ६० दिवसांची नोटीस देऊन इतर व्यक्तीला करता येते. शिवाय अवयव विकणारी व्यक्तीही आरोपी ठरत असल्याने फसवला गेलेला माणूस सहसा पुढे येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य यंत्रणेने प्रत्येक प्रत्यारोपणासाठी दाता व रुग्ण या दोघांनाही राष्ट्रीय संस्थेचा ओळख क्रमांक अनिवार्य केला. परदेशी नागरिकांच्या प्रत्यारोपणांवर लक्ष ठेवणे हा त्यामागील एक हेतू होता.

सीमेपलीकडील कायदे

अवयव व्यापार सीमा ओलांडतो, म्हणून त्याविरुद्धचे प्रयत्नही आंतरराष्ट्रीय पातळीवर झाले. २००८ च्या इस्तंबूल जाहीरनाम्याने वैद्यकीय व्यावसायिकांसाठी नैतिक निकष घालून दिले. २०१८ मध्ये तो सुधारण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे २०१० मध्ये स्वीकारली गेली. युरोप परिषदेचा अवयव व्यापारविरोधी करार २०१५ मध्ये स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि २०१८ मध्ये अंमलात आला.

अमेरिकेत १९८४ च्या राष्ट्रीय कायद्यानुसार अवयवांच्या खरेदी-विक्रीस पाच वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ब्रिटनमध्ये २०२२ च्या कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले : देशाबाहेर जाऊन अवयव विकत घेणाऱ्या ब्रिटिश नागरिकांवरही खटला भरता येईल अशी तरतूद झाली. मार्च २०२३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने नायजेरियाचे ज्येष्ठ राजकारणी आइक एक्वेरेमाडू यांना दोषी ठरवले. आजारी मुलीसाठी त्यांनी लागोसमधील एका तरुण फेरीवाल्याला तिचा नातेवाईक भासवून ब्रिटनमध्ये आणले होते. रुग्णालयातील डॉक्टरांना शंका आल्याने प्रत्यारोपण झालेच नाही, तरीही त्यांना नऊ वर्षे आठ महिन्यांची शिक्षा झाली. आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याखाली अवयवासाठी झालेली ही तेथील पहिली दोषसिद्धी. मुलीच्या आजारपणाने हतबल झालेल्या पित्याविषयी सहानुभूती वाटू शकते. पण त्या तरुणालाही आयुष्य होते, हे न्यायालयाने अधोरेखित केले.

इस्रायलचा अनुभव विशेष उद्बोधक आहे. तेथे एके काळी परदेशात जाऊन विकत घेतलेल्या अवयवाच्या शस्त्रक्रियेचा खर्चही विमा संस्था देत असत. २००८ च्या कायद्याने ही भरपाई बंद केली आणि त्याच वेळी दानपत्र भरलेल्यांना प्रतीक्षायादीत प्राधान्य देण्याची पद्धत आणली. परदेशी जाऊन प्रत्यारोपण करून घेणाऱ्यांची संख्या त्यानंतर झपाट्याने उतरली आणि देशांतर्गत दान वाढले. बाजाराची वाट बंद करणे आणि दानाची वाट रुंद करणे ही दोन्ही कामे एकत्र करावी लागतात, हा त्यातील धडा.

तुटवडा आणि त्यावरील उत्तर

दलालाला ग्राहक मिळतो, कारण रांग मोठी आहे. अमेरिकेत एक लाखाहून अधिक रुग्ण प्रतीक्षायादीत आहेत. भारतात २०१३ मध्ये पाच हजारांहून कमी प्रत्यारोपणे होत होती. २०२३ मध्ये ती संख्या १८ हजारांपलीकडे गेली. ही प्रगती मोठी आहे. परंतु त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक अवयव जिवंत दात्यांचे होते. मरणोत्तर दात्यांची देशातील संख्या २०२३ मध्ये प्रथमच एक हजाराच्या वर गेली. दर दहा लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण एकापेक्षा कमी भरते. स्पेनमध्ये २०२३ मध्ये तेच प्रमाण सुमारे ४९ होते.

स्पेनचे यश कायद्यातील गृहीत संमतीमुळे आले, असा समज आहे. तेथील राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्थेचे संस्थापक राफाएल मातेसान्झ यांनी तो वारंवार खोडून काढला. १९८९ पासून तेथे प्रत्येक रुग्णालयात प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले. ते बहुधा अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर असतात. संभाव्य दाता वेळेवर ओळखणे आणि शोकाकुल कुटुंबाशी योग्य शब्दांत बोलणे हे त्यांचे काम. कुटुंबाला विचारल्याशिवाय तेथे अवयव घेतले जात नाहीत.

जिवंत दात्यांवर जेवढी भिस्त अधिक, तेवढी खोट्या नात्याला जागा अधिक. मरणोत्तर दानात मात्र दात्याला विकत घेणारा नसतो आणि अवयव कोणाला मिळणार हे कुटुंब नव्हे, तर प्रतीक्षायादी ठरवते. म्हणूनच मरणोत्तर दान हे अवयव बाजारावरील सर्वांत परिणामकारक उत्तर आहे.

मेंदूमृत्यू म्हणजे काय

मरणोत्तर दानातील सर्वांत मोठा अडथळा मेंदूमृत्यूविषयीच्या अविश्वासाचा आहे. छाती वर-खाली होत असते, शरीर उबदार असते, हृदयाचे ठोके पडद्यावर दिसत असतात. अशा माणसाला मृत मानणे कुटुंबाला जड जाते. परंतु तो श्वास यंत्राचा असतो. मेंदूचे मूळ कायमचे निकामी झाले, की माणूस स्वतः श्वास घेऊ शकत नाही आणि हृदयही लवकरच थांबते. कोमातील रुग्णाचा मेंदू काही अंशी कार्यरत असतो. मेंदूमृत व्यक्तीचा नसतो.

भारतीय कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या करून मेंदूमृत्यू प्रमाणित करते. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणीही या मंडळात असू शकत नाही. अपघाती मृत्यूच्या प्रकरणांतही पोलिसांच्या परवानगीने दान शक्य असते. दानासाठी करावी लागणारी देखभाल आणि शस्त्रक्रिया यांचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडत नाही. शरीर व्यवस्थित शिवून अंत्यसंस्कारासाठी परत दिले जाते. हृदय चार ते सहा तासांत, यकृत सुमारे बारा तासांत आणि मूत्रपिंड साधारण एका दिवसात बसवावे लागते. म्हणून निर्णयाला वेळेचे बंधन असते. एक दाता आठ जणांपर्यंत जीवन पोहोचवू शकतो.

येथे तीन संज्ञांचा घोळ टाळायला हवा. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांचे दान मेंदूमृत्यूनंतर रुग्णालयातच शक्य असते. नेत्रदान सर्वसाधारण मृत्यूनंतरही, सुमारे सहा तासांच्या आत, घरूनसुद्धा करता येते. देहदान हे वैद्यकीय शिक्षणासाठी असते आणि अवयवदान झालेला देह महाविद्यालये बहुधा स्वीकारत नाहीत.

महाराष्ट्रातील यंत्रणा

महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत. रुग्णांची प्रतीक्षायादी ठेवणे आणि मिळालेला अवयव निकषांनुसार वाटणे हे त्यांचे काम. पश्चिम विभागाची प्रादेशिक संस्था मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. राष्ट्रीय संस्था दिल्लीत असून तिचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००११४७७० आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने अवयवासाठी नोंदणी करताना असलेली अधिवासाची अट आणि ६५ वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली. त्याच वर्षी आधारशी जोडलेली प्रतिज्ञा नोंदणीही सुरू झाली.

मरणोत्तर अवयवांच्या वाटपात भारतीय नागरिक प्रथम, त्यानंतर भारतीय वंशाच्या व्यक्ती आणि शेवटी परदेशी नागरिक असा क्रम आहे. परदेशी पारपत्र घेतलेल्या मराठी रुग्णाला ‘भारतात गेल्यावर पटकन मिळेल’ असे कोणी सांगत असेल, तर त्या आश्वासनामागे कोणता मार्ग आहे हे विचारलेच पाहिजे.

परदेशस्थ कुटुंबांनी काय करावे

पहिली गोष्ट, राहत्या देशात नोंदणी. मृत्यू जेथे होतो तेथील कायदा लागू होतो. भारतात भरलेली प्रतिज्ञा लंडनच्या वा ह्यूस्टनच्या रुग्णालयात उपयोगाची नसते. अमेरिकेत वाहन परवान्याच्या वेळी किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव घालता येते. इंग्लंडमध्ये २० मे २०२० पासून प्रौढांची संमती गृहीत धरली जाते. तरीही कुटुंबाला विचारले जात असल्याने आपला निर्णय नोंदवहीत स्पष्ट करणे हिताचे. संयुक्त अरब अमिरातीत ‘हयात’ या राष्ट्रीय कार्यक्रमात तेथील रहिवाशांना नोंदणी करता येते. ब्रिटनमधील दक्षिण आशियाई रुग्णांना मूत्रपिंडासाठी अधिक काळ थांबावे लागते, कारण जुळणारा अवयव स्वसमाजातून मिळण्याची शक्यता अधिक असते आणि त्या समाजात संमतीचे प्रमाण कमी आहे.

दुसरी गोष्ट, आई-वडिलांशी संवाद. भारतात मृत व्यक्तीने प्रतिज्ञापत्र भरले असले, तरी प्रत्यक्षात नातेवाइकांच्या संमतीशिवाय दान होत नाही. नाशिकला वडील अतिदक्षता विभागात, एक मुलगी न्यू जर्सीत, एक मुलगा दुबईत, असे आज असंख्य मराठी घरांचे चित्र आहे. समन्वयक विचारतो तेव्हा घरातले लोक परदेशातील भावंडाच्या फोनची वाट पाहतात. त्याचा ‘थांबा, मी पोहोचेपर्यंत काही करू नका’ हा स्वाभाविक उद्गार निर्णयाची वेळ निघून जाण्यास पुरेसा असतो. वडिलांची इच्छा आधीच सर्वांना ठाऊक असेल, तर त्या फोनवर वाद होत नाही.

तिसरी गोष्ट, घरात कोणाला प्रत्यारोपणाची गरज भासल्यास बाजाराची चिन्हे ओळखणे. ‘दात्याची सोय आम्ही करतो’ हे वाक्य, प्रतीक्षायादीविना दिलेली तारीख, अनोळखी व्यक्तीला नातेवाईक दाखवण्याची सूचना, सर्व खर्चाची एकगठ्ठा रोख रक्कम : यांपैकी एकही गोष्ट कायदेशीर प्रत्यारोपणात नसते. कुटुंबातील दात्याचा रक्तगट जुळत नसेल, तर अदलाबदलीची नोंदणी किंवा रक्तगट न जुळताही करता येणारे प्रत्यारोपण हे वैध पर्याय उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून तपासता येतात.

अवयव व्यापाराविरुद्ध पोलीस, न्यायालये आणि प्राधिकार समित्या आपापले काम करतील; पण ज्या रांगेमुळे हा धंदा चालतो, ती कमी करणे त्यांच्या हाती नाही. ते काम घराघरांतील एका स्पष्ट संभाषणाने होते. सुटीत गावी गेलेल्या मुलाने वा मुलीने आई-वडिलांना त्यांची इच्छा विचारावी, स्वतःची सांगावी आणि भावंडांना ती कळवावी. यासाठी एक संध्याकाळ पुरते.